खव्यासाठी सोया-प्रथिनाचे वेष्टन : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

१० जून २०२४

आज प्रकल्पाची पहिली नोंद करीत आहे. वनस्पतिजन्य किंवा दुग्धजन्य प्रथिनापासून कुजणारे वेष्टन तयार करायचे आणि मसाल्याच्या पदार्थांतील एखादे सूक्ष्मजीवरोधक द्रव्य त्या वेष्टनातच मिसळून पदार्थाचे आयुष्य वाढवायचे, एवढे कामाचे स्वरूप ठरले आहे. पदार्थ म्हणून खवा घेतला आहे, कारण तो आमच्या भागाचा आहे आणि त्याचा बिघाड आम्हाला जवळून पाहता येतो.

त्यासाठीच काल धाराशिव जिल्ह्यात भूम तालुक्यातील एका खवा भट्टीवर जाऊन आले. दूध कढईत आटत असताना त्यातील बहुतेक सर्व सूक्ष्मजीव उष्णतेने मरतात. त्यानंतर खव्यावर जे येते ते परातीवरून, उलथण्यावरून, झाकायच्या फडक्यावरून, हातांवरून आणि हवेतून येते. म्हणजे खवा आतून नव्हे, तर वरून बिघडतो, आणि म्हणूनच वरचे वेष्टन काही करू शकेल असे मानण्यास आधार आहे. भट्टीवर गोळे कोमट असतानाच पॉलिथिनच्या पिशव्यांत भरले जात होते, कारण गाडी सकाळी लवकर निघते. दहा मिनिटांत पिशवीच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब धरले. मालकांनी तीन दिवसांपूर्वीची एक राहिलेली पिशवी उघडून दाखवली. एक थेंब गोळ्याच्या खांद्यावरून खाली ओघळला होता आणि नेमक्या त्या ओघळाच्या रेषेवर पांढरट लव उभी राहिली होती. बाकीचा गोळा स्वच्छ दिसत होता. ही रेषा मी वहीत काढून ठेवली आहे.

१८ जून

पनीरच्या पाण्यातून प्रथिन मिळवण्याचा विचार आज सोडून दिला. डेअऱ्या हे पाणी टाकूनच देतात, तेव्हा त्याचा उपयोग व्हावा असे मनापासून वाटत होते. परंतु पनीरसाठी दूध ८५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जाते; त्या उष्णतेने पाण्यात विरघळलेली प्रथिने (व्हे प्रथिने) उलगडून केसिनला, म्हणजे दुधातील मुख्य प्रथिनाला, चिकटतात आणि आम्ल पडताच पनीरबरोबरच साकळतात. मागे उरते ती मुख्यतः दुग्धशर्करा. चीजचे दूध इतके तापवत नाहीत, म्हणून व्हे प्रथिनांच्या फिल्मवरील काम चीजच्या पाण्यावर उभे आहे. आमच्या आसपास चीजचा कारखाना नाही. बाहेरून व्हे प्रथिनाची भुकटी विकत आणून खव्याच्या भट्टीला परवडणारे वेष्टन होणार नाही.

२५ जून

लातुरात बसून प्रथिन शोधायचे तर सोयाबीनकडेच यावे लागते. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिन आणि २० टक्के तेल असते. तेल काढल्यावर उरणारी पेंड, जिला बाजारात सगळे डीओसी म्हणतात, बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तीच डीओसी आम्ही दळून पाण्यात कालवली, कॉस्टिक सोड्याने पीएच (आम्ल-अल्कलीचे माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ८.५ केला, तासभर ढवळली, गाळली आणि निथळ द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच ४.५ वर आणला. या पीएचला सोया प्रथिनावरील धन आणि ऋण भार समान होतात, कण एकमेकांना दूर लोटत नाहीत आणि दही लागल्यासारखा साका खाली बसतो. आमच्याकडे तो बसला, पण फारच थोडा: १०० ग्रॅम डीओसीतून वाळलेले प्रथिन जेमतेम ९ ग्रॅम.

दोन दिवस आम्ही पीएच मीटरवर संशय घेत राहिलो. चूक मीटरची नव्हती, माल निवडण्यात होती. खाद्यासाठी जाणारी डीओसी मुद्दाम भाजलेली असते, कारण कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिन-रोधक द्रव्य कोंबड्यांना प्रथिन पचू देत नाही आणि भाजल्याने ते निकामी होते. त्याच भाजणीत प्रथिनाचे रेणू एकमेकांत अडकून बसतात आणि पाण्यात उतरत नाहीत. आम्हाला न भाजलेली, तेल काढलेली पांढरी पेंड हवी.

३ जुलै

एका प्रक्रिया उद्योगातून पाच किलो न भाजलेली पेंड मिळाली. कृती तीच ठेवली; १०० ग्रॅममधून ३१ ग्रॅम प्रथिन हाती आले. साका पांढरा, मऊ आणि लोण्यासारखा नितळ आहे. प्रयोगशाळेतील मामा तो पाहून म्हणाले, "हे तर श्रीखंडाचा चक्का दिसतंय."

९ जुलै

पहिली फिल्म निघाली. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम प्रथिन आणि फिल्म लवचिक राहावी म्हणून २.५ ग्रॅम ग्लिसरॉल घेतले, पीएच १० केला, ८० अंशांवर अर्धा तास ठेवले, फडक्यातून गाळून टेफ्लॉनच्या तबकड्यांत ओतले आणि दोन दिवस वाळू दिले. उष्णतेने आणि अल्कलीने प्रथिनाचा गोळा उलगडतो, आत दडलेले गंधकयुक्त गट उघडे पडतात आणि पाणी उडून रेणू जवळ येऊ लागले की त्या गटांत नवे बंध जुळून जाळे तयार होते. तापलेल्या दुधावर साय धरते तेव्हा जे घडते त्याच जातीचे हे घडणे आहे. सोयाच्या दुधावरची साय उचलून वाळवण्याची पद्धत चीन आणि जपानमध्ये शतकानुशतके चालत आली आहे. आम्ही फक्त तीच साय एकसारख्या जाडीची करीत आहोत.

ग्लिसरॉल न घातलेली तबकडी तुलनेसाठी ठेवली होती. तिच्यातील फिल्म वाळताना कडेने उचलली गेली आणि हात लावताच उडदाच्या पापडासारखी कडकन मोडली. ग्लिसरॉल घातलेली फिल्म मात्र नखाने कोपरा सोडवल्यावर सावकाश, सलग सुटून आली. ती फिकट मधाच्या रंगाची आहे, तिच्यातून वहीवरची अक्षरे वाचता येतात आणि जाडी सरासरी ८० मायक्रॉन आहे. आज काही तास आम्ही सगळे तिच्याकडे नुसते पाहत होतो, हे लिहून ठेवावेसे वाटते.

१८ जुलै

चार दिवस झड लागली आहे. उघड्यावर ठेवलेल्या फिल्म लिबलिबीत झाल्या, एकमेकींना चिकटल्या आणि सोडवताना फाटल्या. सोया प्रथिन मुळातच पाण्याचे लोभी असते आणि ग्लिसरॉल त्या लोभात भर घालतो. कोरड्या हवेत ही फिल्म ऑक्सिजनला उत्तम अडवते, पाण्याच्या वाफेला मात्र जवळजवळ अडवतच नाही, आणि दमट हवेत तिचा ऑक्सिजनविषयीचा गुणही ढासळतो. प्रथिनाच्या वेष्टनांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येते. अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेतील पेगी टोमासुला यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलेल्या केसिनच्या फिल्ममध्ये पेक्टिन घालण्याचे एक कारण ओलावा आणि उष्णता यांपुढे तिला टिकवणे हेच होते.

यापुढे सर्व नमुने मीठ-पाण्याच्या बंद बरण्यांत ठेवले जातील: मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणावर सुमारे ५३ टक्के आर्द्रता राहते, साध्या मिठाच्या द्रावणावर ७५ टक्के. पावसाळ्यातील हवेवर प्रयोग सोडून देता येत नाही.

२४ जुलै

मधमाशीचे मेण घालून पाहिले. ओलाव्याचे शोषण कमी झाले, पण फिल्म अपारदर्शक झाली आणि दुमडताच चिरली. फिल्म ८५ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवूनही पाहिली. ती बळकट झाली, पण ताण घेईनाशी झाली. एक गुण वाढवला की दुसरा उतरतो.

२ ऑगस्ट

सूक्ष्मजीवरोधक द्रव्य कोणते घ्यावे यावर सरांबरोबर सविस्तर चर्चा झाली. निसिनचे नाव सर्वांत आधी निघाले, कारण दुग्धपदार्थांत ते जुने आणि परिचित आहे: लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा जिवाणू ते बनवतो आणि ते ग्रॅम-पॉझिटिव्ह या गटातील जिवाणूंच्या भित्तिका बांधणाऱ्या एका मेदरेणूला पकडून त्यांच्या पटलाला भोके पाडते. परंतु बुरशीत तो मेदरेणू नाही, म्हणून बुरशीवर निसिन चालत नाही, आणि आमचा शत्रू बुरशी आहे. भूमच्या खव्यावरून आम्ही जे वाढवले त्यात काळ्या मखमलीसारखी अॅस्परजिलस आणि निळसर-हिरवी पेनिसिलियम या प्रकारांचीच गर्दी होती. नॅटामायसिन बुरशीवर अतिशय प्रभावी आहे, पण आपल्याकडे त्याची परवानगी चीजच्या पृष्ठभागासारख्या मोजक्या उपयोगांपुरती आहे, खव्यासाठी नाही. ज्याचा उपयोग भट्टीवाल्याला कायद्याने करता येणार नाही ते येथे सिद्ध करून काय साधणार?

लवंगेचे तेल निवडले. त्यातील बहुतांश भाग युजेनॉल असतो. तो मेदात विरघळणारा असल्यामुळे बुरशीच्या पेशीपटलात शिरून ते गळके करतो. तेल पाण्यात मिसळण्यासाठी सोयाचेच लेसिथिन वापरू.

८ ऑगस्ट

मोठी चूक झाली आणि ती माझ्याकडून झाली. लवंगेचे तेल मी ८० अंशांच्या, पीएच १० असलेल्या द्रावणातच ओतले. सगळा मजला लवंगेच्या वासाने भरला, म्हणजे द्रव्य फिल्ममध्ये राहण्याऐवजी हवेत गेले. जे राहिले त्याने द्रावण तपकिरी केले. युजेनॉल हा फिनॉल आहे आणि पीएच १० च्या आसपास त्याचे निम्मे रेणू प्रोटॉन सोडून आयन होतात. आयन पटलात सहज शिरत नाही आणि हवेने लवकर काळवंडतो. यापुढे द्रावण ४० अंशांखाली थंड करून, पीएच ८ वर आणून मगच तेल घालायचे आणि तेलाचे बारीक कण करून मिसळणारा होमोजिनायझर तीन मिनिटे चालवायचा.

१७ ऑगस्ट

सुधारित कृतीची फिल्म बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर, तपासली. प्रथिनाच्या १५ टक्के तेल असलेल्या चकतीभोवती दोन्ही बुरशींनी स्वच्छ वर्तुळ सोडले. ५ टक्क्यांच्या चकतीभोवती काहीच परिणाम नव्हता. तेल नसलेल्या चकतीवर तर चौथ्या दिवशी बुरशीच वाढली होती. प्रथिन आणि ग्लिसरॉल हे बुरशीचे अन्नच आहे, म्हणजे असे वेष्टन आधी स्वतःचे रक्षण करू शकले पाहिजे, तेव्हाच ते खव्याचे करील.

२९ ऑगस्ट

आगरवरचा आनंद खव्यावर टिकला नाही. १५ टक्के तेलाची फिल्म गोळ्याभोवती घट्ट गुंडाळून ३० अंशांवर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी फिल्मने खव्याचे पाणी ओढून घेतले होते, ती ओल्या सुती कापडासारखी गोळ्याला बसली होती आणि तिच्यावर तुपाचे पारदर्शक डाग उमटले होते. पाचव्या दिवशी, जेमतेम एका दिवसाच्या उशिराने, बुरशी आली.

कारण त्या डागांत आहे. खव्याच्या कोरड्या भागात किमान ३० टक्के दुग्धस्निग्ध असावे असे मानकच आहे, आणि युजेनॉल मेदात विरघळतो. तो फिल्ममधून निघाला आणि पृष्ठभागावर राहून बुरशीला भिडण्याऐवजी तुपात मुरून गेला. आगरात तूप नसते. केवळ आगरवरच्या वर्तुळांच्या आधारे पदार्थ टिकवल्याचा दावा करणे योग्य नाही, हे मी आधी वाचले होते; आज ते डोळ्यांनी पाहिले.

५ सप्टेंबर

गौरी-गणपतीच्या मागणीमुळे भट्टीवर उसंत नव्हती, तरी मालकांनी आमचा नमुना घेतला, चिमटीत मळला, हुंगला आणि तोंडात टाकला. "ताई, टिकला चांगला, पण याचा पेढा गिऱ्हाईक परत आणून देईल," असे ते शांतपणे म्हणाले. वेलची किंवा जायफळ खपून जाते, पेढ्यात लवंग कोणी खपवून घेत नाही. त्यांचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करते.

दालचिनीच्या तेलाचा पर्याय आधीच तपासला होता. त्यातील सिनॅमाल्डिहाइड प्रथिनाच्या अमिनो गटांशी बांधला जातो. फिल्म पिवळी आणि चिवट होते, पण जो बांधला गेला तो बुरशीपर्यंत पोचत नाही.

१२ सप्टेंबर

आज जूनमधील वहीचे पहिले पान उघडले आणि ती ओघळाची रेषा पुन्हा पाहिली. बुरशी सगळीकडे एकदम येत नाही; पिशवीत पाणी धरते आणि जेथे पडते तेथे ती आधी येते. आम्ही तीन महिने फिल्मचा पाण्याचा लोभ हा दोष समजून त्याच्याशी झगडत राहिलो. परंतु डब्याच्या झाकणाखाली, खव्याला न टेकता, हीच फिल्म असेल तर कोमट खव्यातून उठणारी वाफ थेंब होण्याआधी ती पिऊन टाकील. शिवाय कोरड्या प्रथिनाचे जाळे घट्ट असते आणि तेल आत धरून ठेवते. ओलावा शिरला की जाळे फुगते आणि तेल सुटू लागते. म्हणजे गोदामात ठेवलेले वेष्टन आपले द्रव्य सांभाळील आणि खव्याची वाफ लागल्यावरच ते सोडील. स्पर्शाऐवजी वाफेने काम झाले तर तेलही कमी पुरेल, कारण उडणाऱ्या तेलांची वाफ बुरशीवर थोड्या मात्रेतही परिणाम करते.

सरांनी एक भर घातली: नुसती फिल्म करण्याऐवजी द्रावणाचा थर बटर पेपरवर द्यावा. फाटण्याचा प्रश्न कागद सोडवील, आणि कागदही कुजणाराच आहे.

१९ सप्टेंबर

तेलाच्या मात्रेचा हिशेब. १० × १० सेंटिमीटर कागदावर थराचा कोरडा भाग सुमारे ०.४ ग्रॅम बसतो आणि त्यात तेल ४० मिलिग्रॅम, म्हणजे युजेनॉल साधारण ३२ मिलिग्रॅम आहे. अन्न-मिश्रकांवरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने युजेनॉलची दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे २.५ मिलिग्रॅम ठेवली आहे. १५ किलोच्या मुलासाठी ती ३७.५ मिलिग्रॅम होते. कागदातील सगळाच्या सगळा युजेनॉल खव्यात उतरला असे धरले, तरी २५० ग्रॅमचा पूर्ण डबा त्या मुलाने एकट्याने एका दिवसात संपवला तरच तो मर्यादेच्या जवळ जाईल. पदार्थ लवंगेचा आहे म्हणून हा हिशेब टाळावा असे मला कधीच वाटत नाही.

सोयाबीनची अॅलर्जी असणारे लोक आहेत आणि आपल्या लेबल नियमांत सोयाबीन हे नमूद करावयाच्या घटकांत आहे. खव्यात सोया नसला तरी झाकणाखाली आहे, म्हणून डब्यावर तसे छापावे लागेल. भट्टीवाल्यांना हे आधीच सांगितले आहे.

१४ ऑक्टोबर

तीन गट, प्रत्येकी सहा डबे, २५० ग्रॅम कोमट खवा, ३० अंश. पहिल्या गटात खवा नेहमीच्या पॉलिथिनमध्ये ठेवला, दुसऱ्यात तेल नसलेला थर दिलेला कागद आणि तिसऱ्यात लवंगेच्या तेलाचा कागद, थराची बाजू खाली करून.

पहिल्या तासातच फरक दिसला. पॉलिथिनच्या गटात थेंब धरले. कागदाच्या दोन्ही गटांत झाकण कोरडे राहिले, थर मात्र बोटाला किंचित मऊ लागू लागला. पॉलिथिनच्या सर्व डब्यांत चौथ्या दिवशी बुरशी दिसली. तेल नसलेल्या कागदाच्या गटात खव्यावर पाचव्या दिवशी आणि कागदावर त्याआधीच. लवंगेच्या गटातील पाच डबे आठव्या दिवसापर्यंत स्वच्छ राहिले. सहाव्यात सहाव्या दिवशी एका कोपऱ्यात हिरवा ठिपका आला. भट्टीच्या मालकांना तिसऱ्या गटातील खवा न सांगता दिला. त्यांनी तो नेहमीच्या खव्यातून वेगळा ओळखला, पण "पेढ्याला चालेल" असे म्हणाले.

सहा डबे म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे, आणि सर्व डबे एकाच दिवशीच्या एकाच कढईतले होते. पुढच्या फेरीत तीन वेगळ्या दिवसांचा खवा घेऊ.

२१ ऑक्टोबर

वापरलेले कागद २ तारखेला परसातील खतखड्ड्यात पुरले होते. आज उकरून पाहिले. प्रथिनाचा थर पूर्ण गेला होता, कागदाची जाळी शिल्लक होती आणि तिच्यातून गांडुळे ये-जा करीत होती. प्रथिनात नत्र असल्यामुळे मधल्या आठवड्यात थोडा अमोनियाचा वास येत होता, तो आता नाही.

यंदा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आहे आणि बाजारात त्याहून कमी दराने माल विकला जात आहे. आमच्या कागदाला पेंड लागते ती अगदी थोडी, तेव्हा या दरावर आमच्या कामाचा परिणाम होईल असे मी म्हणणार नाही. तरीही आज मोंढ्यातून येताना हा आकडा मनात होता, म्हणून लिहिला.

२४ ऑक्टोबर

कोपऱ्यातील त्या हिरव्या ठिपक्याचे कारण सापडले. डब्याच्या झाकणाची आतील बाजू १०.६ सेंटिमीटर आहे आणि कागद १० सेंटिमीटरचा होता. त्या डब्यात कागद एका बाजूला सरकला आणि उघड्या राहिलेल्या पट्टीवर थेंब धरला. ठिपका त्याच थेंबाच्या बरोबर खाली होता. नवे कागद १०.५ सेंटिमीटरचे कापले, थर दिला, मॅग्नेशियम नायट्रेटच्या बरणीत दोन दिवस ठेवले आणि आज सकाळी नऊ वाजता पहिल्या दिवसाच्या खव्यावर बसवले.